सर्पोद्यानातली ती

आमचे हे अकलूजजवळच्या एका सर्पोद्यानात सापांची देखभाल करायचे. तिथं मगरींचा हौद होता, काचेमागं नाग-घोणस होते. पण माणसं यायची ती अजगराची मादी बघायला. दुपारी हे तिला खांद्यावर घेऊन बाहेर आणायचे आणि सहलीची पोरं भीत भीत तिच्या पाठीला बोट लावायची.

घरीही तिचंच कौतुक. "आज तिनं कात टाकली, लई चकाकतीया." मी नवी साडी नेसून समोर वाढत असायचे, ते ह्यांच्या लक्षातही यायचं नाही. माझ्या बाळंतपणात हे माहेरी दोनदाच आले. तिनं खाणं सोडलं तेव्हा मात्र आठवडाभर तिथंच मुक्काम. सापावर जळते हे मी सांगणार कुणाला?

दोन वर्षांमागं उद्यान बंद पडलं. प्राणी पुण्याकडं हलवले. मला मनातून बरं वाटलं, पण हे उंबऱ्यात बसून रडले. लेकीच्या लग्नातही ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात हे मुद्दाम तिला बघून आले. पाण्याचा तांब्या देत मी विचारलं, "वळखलं का तिनं?"

"न्हाय. साप कुटं माणूस वळखतोय?"

माझ्या जिवाला गार वाटलं. "मग परत न्हाय ना जाणार?"

"जाणार की, दिवाळी झाली की."

"मग मी बी येते," मी म्हणाले. "एकदा तिच्यासमोर तुमच्या शेजारी उभी राहते."