म्हात्रे मॅडमचं वारं

ढोल वाजला की म्हात्रे मॅडम खिडक्या लावून घ्यायच्या. आमची शाळा ठाकुर्लीत, अगदी रस्त्याला लागून. लग्नसराईत खालून वराती जायच्या. पहिला ढोल ऐकला की मॅडम खडू खाली ठेवायच्या, प्रयोगशाळेच्या खिडक्या धाडधाड बंद करायच्या आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभ्या राहायच्या. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते, आणि वरातींना शिव्या घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मला वाटायचं, चला, जोडीला कोणीतरी आहे. एकदा मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "अहो मॅडम, पोलिसांत तक्रार करू या ना. किती दिवस खिडक्या लावत बसणार?"

"आवाजाचा त्रास नाही हो," त्या म्हणाल्या. "पायांचा आहे. ढोल वाजला की माझे पाय माझं ऐकत नाहीत."

"मग नाचा की!" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मानपाड्याच्या बाजूला त्यांचं गाव. गाव म्हणायचं ते सवयीनं. शेतांवर टॉवर उभे राहिले आणि टॉवरच्या पार्किंगला लागून गावदेवीचं देऊळ राहिलं. मॅडमचे वडील तिथले भगत. त्यांच्या अंगात यायचं. तिकडे त्याला वारं येणं म्हणतात. म्हात्र्यांच्या घरात ते वारं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं, आणि वडील गेल्यापासून गाव वाट बघत होतं की आता कोणाकडे येतं. मॅडमना लहानपणापासून ठाऊक होतं, कोणाकडे येणार ते. म्हणून तर, रात्रभर ढोल वाजतो म्हणून, त्या घरच्या हळदीलाही जात नसत. आगऱ्यांच्या घरात हळदीला न जाणं म्हणजे काय, ते आगऱ्यांनाच विचारा!

आणि ही बाई विज्ञान शिकवायची. शिकवायची म्हणजे कशी? दसऱ्याला शिपायानं प्रयोगशाळेच्या दाराला लिंबू-मिरची टांगली. मॅडमनी ती उतरवली, लिंबू कापून वर्गात लिटमस लाल करून दाखवला आणि मिरच्या शिपायाच्या हातात दिल्या. "ठेचा करा. उद्या डब्यात आणा." त्यानं आणला, आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला. कोणी पोरगं "बाई, माझ्या आजीनं भूत बघितलेलं" म्हणालं की त्या एकच वाक्य बोलायच्या, "गोष्ट छान आहे. आता कारण सांग." स्वतःच्या पायांचंही कारण त्यांनी मला सांगितलं होतं. लहानपणापासूनची सवय, एका लयीत वाजणारा ढोल, उपासाचं पोट, आजूबाजूला घुमणारी माणसं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "कारण माहीत आहे. थांबवता येत नाही."

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी तो घराबाहेर गेला. त्यामुळे मला हे सगळं ऐकताना जरा गंमतच वाटायची. गंमत संपली ती त्यांच्या भावाच्या आजारपणात.

दादा त्यांच्याहून मोठा. साखर प्रचंड वाढलेली, पायाची जखम भरत नव्हती, डॉक्टर म्हणाले, औषधं नीट घेतली नाहीत तर पाय काढावा लागेल. दादा देवीचा अंगारा लावायचा आणि गोळ्या उशीखाली ठेवून द्यायचा. मॅडमनी त्याला शरीराची चित्रं दाखवली, समजावलं, भांडल्या, रडल्या. तो म्हणायचा, "तू बहीण हायस, तू बोलशीलच. आय सांगल तवा बगू." आय म्हणजे गावदेवी.

चैत्रात देवीची पालखी निघते आणि गावात प्रत्येक दारासमोर थांबते. त्या वर्षी मॅडम गेल्या. दारात दादा जखमेला फडकं बांधून बसलेला, समोर पालखी, आणि ढोल. सोमवारी शाळेत आल्या त्या थेट माझ्या वर्गात.

"मला वारं आलं," म्हणाल्या. "मी त्याला सांगितलं, उद्या दवाखान्यात जा. एक गोळी चुकवलीस तर तुझ्या दारात मी पालखी थांबवणार नाही."

"म्हणजे नाटक केलंत?"

त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "थरथर माझी नव्हती. वाक्य माझं होतं."

दादा गेला दवाखान्यात. गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शन सुरू झालं, पाय वाचला. मी म्हटलं, झालं ना काम, सुटलात! कसलं सुटणं? दादाचा पाय सगळ्या गावानं बघितला. दर मंगळवारी माणसं देवीला विचारायला दारात यायला लागली. पोराला ताप आहे, सुनेला दिवस गेलेत, बिल्डर सही मागतोय, काय करू आय? मॅडम जमीनजुमल्याचं काही सांगत नसत. ताप असेल तर रक्त तपासा, दिवस गेले असतील तर सोनोग्राफी करा, साप चावला तर इथे येऊच नका, रिक्षा करा. लोक निमूट ऐकायचे. सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणे आश्चर्य करायची, या गावातले लोक एवढे वेळेवर कसे येतात!

मी मात्र भडकले होते. "तुम्ही देवीच्या तोंडून पाठ्यपुस्तक वाचताय, मॅडम."

"माझ्या तोंडून ऐकत नाहीत ना."

"पण श्रद्धा वाढतेय कोणावरची? पुस्तकावरची?"

आणि तरी माणसं बरी होत होती. मंगळवार चुकवायचा विचार त्यांनी अनेकदा केला. पण दादा दर मंगळवारी समोर येऊन बसायचा आणि विचारायचा, "आय, गोल्या चालू ठेवू ना?" आता नाही कसं म्हणायचं?

मग बाळूकाकांचं झालं. काका शेजारचे, हृदयाचे पेशंट. डॉक्टरांनी त्यांना दोन वाटा सांगितल्या होत्या. औषधांवर राहा, नाहीतर ऑपरेशन करा, ठरवा तुम्ही. काका ठरवायला मंगळवारी मॅडमपुढे आले. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन कर. काका ऑपरेशननंतर घरी आलेच नाहीत.

तेराव्यानंतर काकांची बायको नारळ घेऊन आली. मॅडमना वाटलं, आता ही मला शिव्या देणार. मनातून त्यांना त्या हव्याच होत्या. काकू पायांवर पडली. "त्यांचाच काय तरी चुकला असंल, आय. राग नको धरू."

हे सगळं मॅडमनी मला शाळेत सांगितलं. "गायकवाड मॅडम, मी कोण हो? दहावीला पचनसंस्था शिकवणारी बाई. डॉक्टरनं जे त्या माणसावर सोडलं होतं ते मी ठरवलं. आणि चूक माझी धरतच नाहीत. ती मेलेल्या माणसाच्या नावावर चढवतात."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, पुढच्या पालखीला सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. मला म्हणाल्या, "तुम्ही या. हात न जोडणारं एक तरी माणूस मला समोर हवं."

मी गेले. ऊन उतरलं होतं. गल्लीत गुलाल, दोन्ही बाजूंच्या टॉवरच्या गॅलऱ्यांतून बायका मोबाइल धरून उभ्या. पालखी म्हात्र्यांच्या दारात थांबली. ढोल चढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत मॅडमचे पाय सुटले. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. मग त्यांनी हात वर केला. ढोल थांबला.

"ऐका," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी देवी नाही. मी वंदना. मी शाळेत शिकवते. आजवर तुम्हाला जे सांगितलं ते माझ्या डोक्यातलं सांगितलं. बाळूकाकांना सांगितलं ते चुकलं असेल. माझं चुकतं. यापुढे डॉक्टरांना विचारा, मला विचारू नका."

मला वाटलं, सुटली बाई. तेवढ्यात मागून एका म्हातारीचा आवाज आला. "आय परीक्षा बगते रं आपली!"

अख्खी गल्ली वाकली. ढोल दुप्पट जोरात सुरू झाला. बायका मॅडमच्या पायांची धूळ कपाळाला लावायला लागल्या, बाळूकाकांची बायको सगळ्यांत पुढे. उभी राहिले होते ती मी एकटी. मॅडम त्या गर्दीवरून माझ्याकडे बघत होत्या आणि मला काहीही करता येत नव्हतं. मला रडू आलं. त्याहून जास्त चीड आली, आणि कोणावर काढायची तेच कळेना.

पालखी पुढे गेल्यावर आम्ही घरात बसलो. दादाला चहा देता देता मॅडम म्हणाल्या, "दादा, तू तरी ऐक. गोळ्यांचं ते वाक्य देवीचं नव्हतं. माझं होतं."

"मना ठाव होता," दादा म्हणाला.

मॅडमनी बशी त्याच्या हातात दिली. "कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. देवी कवा बोल्ली का, एक गोली चुकवू नको म्हणून? ती तूच." तो हसला. "बहिणीचा ऐकला असता तर गाव बोल्ला असता, डॉक्टरला भ्याला म्हात्रे. आयचा ऐकला, कोन काय बोलल?"

"मग आता मला सोड ना. तुला तर माहीत आहे."

दादानं बशीतला चहा संपवला. "मना ठाव हाय. बाकीच्यांना नाय. तू उठलीस तर ती अंगाऱ्यावर जातील." आणि मग, निम्मं थट्टेत, "मी पन गोल्या सोरीन."

त्यानं बशी पुढे केली. त्यांनी ती उचलून मोरीत नेली.

या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. परवा मी त्यांच्याकडे गेले, तो नेमका मंगळवार. दारात खुर्च्या मांडलेल्या, माणसं एक्स-रेच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. मॅडम आत केस मोकळे सोडून बसल्या होत्या. मला बघून उठल्या, केस गुंडाळून अंबाडा घातला आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दादा ठणठणीत आहे, पाय उत्तम आहे, असं म्हणाल्या.

"शाळेची आठवण येते का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"येते ना. फळ्यावर समीकरण लिहिताना माझं काहीतरी राहून जायचं. मागच्या बाकावरून एखादं कार्टं ओरडायचं, 'बाई, चुकलं!'" त्यांनी ओट्यावर हात ठेवला. "कोणी म्हणत नाही हो आता."

"वंदे," बाहेरून दादाची हाक आली, "चल गो, लोकं थांबलीत."

मॅडमनी अंबाडा सोडला आणि बाहेर गेल्या.