दत्ताची ट्रॉली का उलटली?

मित्रांनो, आज सकाळी माजलगाव रस्त्यावर आमच्या गावच्या दत्ताची उसाची ट्रॉली उलटली. त्याचा पाय मोडला.

दुपारी दवाखान्यातून परतलो, तर त्याचा भाऊ बालाजी सरळ करून ठेवलेल्या त्याच ट्रॉलीला लिंबू-मिरच्या बांधत होता.

"अरे, टायर बघ. पार गुळगुळीत झालेत," मी म्हणालो.

"मागल्या साली बी हेच व्हते, सर. आवंदा नजर लागली."

मी तिथंच अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. जमलेल्या लोकांनी माना हलवल्या. बालाजीनं ट्रॅक्टर सुरू केला आणि तीच ट्रॉली घेऊन निघाला.

नजरेला दोष दिला की आपण मोकळे होतो. टायर मात्र तसेच राहतात. तुमच्या कामात काही उलटलं, तर तुम्ही आधी काय बघता?

दिवस मावळलाय. बालाजी अजून परतलेला नाही.