बाबांसाठी शांत गाव

आमच्या घरातले निर्णय मी घेते. एकुलती एक आहे, त्यामुळे हा हक्क मला जन्मतःच मिळालाय अशी माझी समजूत. आई गेली आणि तीन महिन्यांत बाबा निम्मे झाले. जेवण दोन घास, झोप जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, नाहीतर हे अंथरूण धरतील. तेव्हा ते काम मी लगेच अंगावर घेतलं. बाबांना विचारलंसुद्धा नाही.

थंड हवेचं आणि मुख्य म्हणजे शांत गाव हवं होतं. बाबांनी जन्मभर गोंगाटच ऐकला. सिन्नरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं ते पत्रा कापायच्या मशीनवर उभे राहिले. घर देवळाली कॅम्पात, तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. नवल म्हणजे, आई गेल्यावर बाबांना डुलकी लागायची ती सरावाच्याच दिवशी, खुर्चीत बसल्या बसल्या. एवढ्या आवाजात झोपतात म्हणजे किती थकलेत, असं मला वाटायचं.

त्यात आईचा रेडिओ. पहाटेपासून सुरू, आणि झोपतानाही उशाशी. स्टेशन बंद झालं तरी नुसती खरखर चालू. माहेरी आले की मी वैतागून बंद करायचे. ती उठून पुन्हा लावायची आणि म्हणायची, "असू दे गं." आईला खरखर ऐकायची हौस आहे, असं मी चारचौघांत हसून सांगायचे. तेरावं झाल्यावर घर आवरायला घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी तो रेडिओ भंगारवाल्याला दिला.

गाव निवडताना सापुतारा पहिल्या फटक्यात बाद केलं. शनिवार-रविवारी अर्धं नाशिक तिथेच असतं. शेवटी डोंगरावरचं एक लहानसं गाव सापडलं. नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. पाच खोल्यांचं लॉज, टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. दुपारी वाळलेलं पान पडलं तरी ऐकू यावं असं. आठ दिवसांचं बुकिंग करून मी स्वतःवर खूश होते.

पहिल्या दिवशी बाबा व्हरांड्यात दोन्ही कानांवर तळवे दाबून बसले. वारं लागतंय म्हणून मी त्यांना कानटोपी घातली. त्यांनी ती मुकाट्याने घालून घेतली. दुसऱ्या दिवशी जेवलेच नाहीत. "लय शांत हाय गं इथं. घरी जायचं का?" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवसांत कंटाळलात? जरा सवय होऊ द्या की!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून आले, तर मॅनेजर दारातच उभा. तुमच्या बाथरूमचा नळ तासाभरापासून वाहतोय, इथे पाणी टँकरने येतं, असं म्हणाला. मी तणतणत आत गेले. बाबा मोरीत पाटावर बसले होते. बादली भरून वाहत होती, धोतराचा सोगा भिजला होता, आणि डोकं भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले होते. मी नळ बंद केला. ते दचकून जागे झाले.

"काय चाललंय हे, बाबा?"

"कानात शिट्टी वाजती गं. मशीनवर होतो तवापासून. थांबतच नाय. शांत असलं की लय वाजती. पाण्याच्या आवाजात जरा दबती."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तुझ्या आईला ठाऊक होतं ना. तिचा रेडिओ असायचा."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. ती खरखर कुणासाठी होती, हे मला त्या मोरीत कळलं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

बाबांनी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. मी रडतेय ते आईच्या आठवणीने, असं त्यांना वाटलं असावं.

"दुखवट्यात रेडिओ कसा मागायचा, म्हणून गप्प होतो," ते म्हणाले. "माळ्यावर ठेवलास ना? वर्षश्राद्ध झालं की काढ. तवर कळ काढतो मी."

मी हात लांब करून नळ पुन्हा सोडला.