गजाला पाजलेलं पाणी

माझ्या नवऱ्याचं नाव केशोराव. नाव घ्यायला लाजायचं माझं वय गेलं, अन् ज्या माणसानं मला सात वर्षं विजेच्या भीतीत ठेवलं त्याचं नाव मी घेणारच. मी नंदाबाई, गावची आशा. घरोघरी फिरते, बायांना गोळ्या देते, हे खा, ते उचलू नका, असं सांगते. सारं गाव माझं ऐकतं. घरातला हा एक बुढा सोडून.

आम्ही तलाव बांधणारे कोहळी. चोरखमाऱ्याच्या धरणापुढं आमचा गावतलाव म्हणजे वाटीभर पाणी, पण त्याचं तुडुम उघडायचा मान आमच्या घराकडं आहे. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. त्यातला लाकडी गुट्टा काढला की पाणी पाटाला लागतं. मग कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्याला, किती वेळ पाणी, कोणाची पाळी आधी अन् कोणाची मागून, हे सगळं याच्या डोक्यात. पाळीवरून गावात कधी भांडण झालं नाही, हे मात्र मी कबूल करते. पाण्याच्या बाबतीत या माणसाचा शब्द कोणी मोडत नाही, अन् तिथंच त्याचा माज आहे.

आमच्या घराच्या बाजूच्या खोलीत एकोणीस वर्षं मंजू सिस्टर राहिली. उपकेंद्रातली नर्स, तिकडं छत्तीसगडात जशपूरची. गावात ख्रिस्ती ती एकटीच. माझी लेक गुंजन तिच्याच हातावर आली. त्या दिवशी नाल्याला पूर होता, गाडी येत नव्हती, मी अर्धी गेल्यातच जमा होते, अन् ही बाई छातीएवढ्या पाण्यातून पेटी डोक्यावर घेऊन आली. तेव्हापासून ती आम्हाला घरचीच. दर नाताळाला ती अंगणाच्या कोपऱ्यात तणसाची, धानाच्या पेंढ्याची, झोपडी करायची, त्यात मातीची बाळबाहुली ठेवायची, वर कागदाची एक चांदणी टांगायची, अन् पायातली चप्पल काढून, हात जोडून तिच्या गावचं एक गाणं म्हणायची. एकटीच. आम्ही ओसरीवरून पाहायचो.

सात वर्षांआधी बुढ्यानं त्या चांदणीत एक उघडझाप करणारा बल्ब लावला. सिस्टर लहान पोरीसारखी हसली. झालं, याला तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी गोंदियाहून रंगीत माळा आणल्या, त्याच्या पुढं छपराला लावल्या, मग आंब्यावर. दिवाळीत आमच्या दारी चार पणत्या अन् नाताळात असा झगमगाट, म्हणून लोक टोकायचे. तो म्हणायचा, दिवाळीत साऱ्याईच्या घरी उजेड असते, सिस्टरचा सण एकटीचा हाये. ते मला पटायचं. मी बोलायचे ते माळांतल्या विजेबद्दल.

माळा नुसत्या पेटून त्याचं समाधान होईना. त्या गाण्यावर नाचल्या पाहिजेत. कॉम्प्युटर याला येत नाही. त्यानं सागाचा एक गोल रूळ घेतला, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या, अन् कूलरची जुनी मोटार अन् सायकलची चेन लावून तो सावकाश फिरता केला. पट्टी खालच्या तारेला टेकली की माळ पेटते, सुटली की विझते. चौदा माळा, चौदा तारा. माळांना नावं दिली बांध्यांची. आंब्यावरची माळ म्हणजे पिपराची बांधी, छपराची म्हणजे वरची बांधी, चांदणी म्हणजे तलावाच्या पोटाजवळची, जिला पहिली पाळी. गाणं ऐकत बसायचा अन् पुटपुटायचा, आता पिपराला दोन, आता खालच्या तिघींना एकसाथ. कामठ्यापासून लोक पाहायला येत. खोटं कशाला बोलू, मलाही पाहताना अंगावर काटा यायचा.

पण तो रूळ उघडा होता अन् त्यातून घरची लाईट वाहत होती. दोन वर्षांआधी त्याचा हात पट्टीला लागला अन् तो ओसरीवरून खाली फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं. सिस्टरनंच त्याला उचललं अन् हात बांधून दिला. तेव्हा मी याला माझी शपथ घ्यायला लावली, की चालू लाईटला हात लावायचा नाही. शपथ त्यानं पाळली. हात लावला नाही. त्यानं दुसरंच केलं.

आमच्या टोलीच्या, म्हणजे वस्तीच्या, डीपीचा न्यूट्रल, वीज परत जायची तार, खराब आहे. संध्याकाळ झाली की बल्ब काजव्याएवढे होतात. त्यावर गावाचा एक उपाय आहे, अन् तो प्रत्येक घरी आहे. अंगणात लोखंडी गज ठोकायचा, त्याला तार जोडायची, अन् न्यूट्रलचं काम जमिनीकडून करून घ्यायचं. उन्हाळ्यात माती सुकली की उजेड मंदावतो, मग गजाजवळ बादलीभर पाणी ओतायचं. त्याला आमच्याकडं म्हणतात, गजाला पाणी पाजणे. मागच्या पावसाळ्यात गावातल्या कैलाशची म्हैस अशाच एका गजाजवळच्या ओल्यात पाय पडून मेली. चार दिवस गावानं हळहळ केली अन् पाचव्या दिवशी पुन्हा पाणी पाजायला लागलं.

मागच्या डिसेंबरात सिस्टर रिटायर होणार होती. उरलेल्या सुट्ट्या टाकून ती सव्वीस तारखेला सकाळी कायमची जाणार होती. नाताळ तिचा आमच्या अंगणातला शेवटचा. बुढ्यानं महिनाभर आधी, ती भांडी घासताना गुणगुणत होती तेव्हा, मोबाईलवर तिचा आवाज भरून घेतला. तिचंच गाणं, तिच्याच आवाजात, भजनी मंडळाच्या मोठ्या डब्ब्यातून, स्पीकरातून, वाजणार अन् चौदा माळा त्यावर चालणार. तिला पत्ता नाही. मला सांगितलं तेव्हा मी तोंडात पदर घेऊन रडले. त्याच रात्री पट्ट्या ठोकायला मी त्याला चिमणी धरून उजेड दिला.

पंचवीस तारखेला दुपारी मी अंगणात आले अन् पाहते तर काय, बोअरच्या नळापासून गजापर्यंत यानं पाट काढला होता. बादलीभर पाण्यावर याचं भागेना. चौदा माळा, मोटार, डब्बा, एवढं सारं ओढायचं, म्हणून गाणं संपेपर्यंत गज ओला राहिला पाहिजे. बारीक, सरळ, कडेला मातीची मेर घातलेला पाट. तुडुमवाल्याच्या हातचा. अन् गज कुठं? कोपऱ्यात, तणसाच्या झोपडीच्या मागंच.

मी म्हटलं, ओल पसरून राहिली, तिकडं सिस्टर उभी राहते.

"पाण्याले मी ओळखतो," तो म्हणाला. "जेथं सांगीन तेथं थांबते."

मी म्हटलं, कैलाशच्या म्हशीलेही कोणीतरी असंच सांगितलं असन. त्याला राग आला. म्हणाला, आजच्या दिवशी अपशकून कायले करतेस. मी गप्प बसले. माझं चुकलं ते तिथं. आशा म्हणून दुसऱ्याच्या घरात मी अशी गप्प बसले नसते.

सात वाजता अंगण भरलं. थंडी चांगलीच होती, लोक चादरी पांघरून आले होते. सिस्टरनं तांदूळ-गुळाचे गोड अरसे तळले होते, ते मोठ्या परातीत झाकून ठेवले. ती नवी साडी नेसून झोपडीसमोर गेली, नेहमीसारखी चप्पल काढली, हात जोडले. बुढ्यानं ओसरीवरून बटन दाबलं.

पहिल्यांदा चांदणी पेटली. मग डब्ब्यातून तिचाच आवाज आला. सिस्टरनं दचकून मागं पाहिलं अन् दोन्ही हात तोंडावर ठेवले. वरची बांधी पेटली, पिपराची पेटली, खालच्या तिघी एकसाथ. आवाज वर चढला की आंबा उजळायचा, खाली आला की झोपडी. सारं अंगण पाहत होतं. मीही पाहत राहिले. अन् मग मला म्हैस दिसली.

आमची म्हैस कोपऱ्यापासून दहा पावलांवर बांधलेली असते. ती एक पाय उचलत होती, ठेवत होती, दुसरा उचलत होती. दाव्याला मागं ओढत होती. झोपडीकडं सगळी माती चमकत होती, माळांचा लाल-हिरवा उजेड चिखलात दिसत होता. पाट गजापाशी थांबलाच नव्हता. मेर फोडून पाणी झोपडीखालून पुढं आलं होतं, अन् त्यात सिस्टर उभी होती. अनवाणी.

मी ओरडले, पण डब्ब्यापुढं माझा आवाज कोणाला ऐकू येतो? तिच्याकडं धावावं तर मी पण ओल्यातच जाणार. मी उलटी फिरले, ओसरीवर चढले, मेन बोर्डातला कटाऊट, चिनी मातीची ती फ्यूजची पकड, दोन्ही हातांनी ओढून काढला अन् कमरेला खोचला. गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं. अंगण काळं झालं.

लोक हळहळले. पण शेजारच्या घरात लाईट होती, तेव्हा बुढ्याला समजायला वेळ लागला नाही. तो आला, बोर्डावर हात फिरवला, अन् सगळ्या गावासमोर मला विचारलं, कटाऊट कोठं हाये.

"मायाजवळ. अन् मी देत नाई."

"काऊन?"

"म्हैस पाय उचलून राहिली."

तो म्हणाला, म्हैस गाण्याले भेली. तीन-चार जण हसले. कैलाश तेवढा हसला नाही. बुढा हात जोडायच्या बेताला आला. एकदा लावून पाहू दे, म्हणाला, टेस्टर लावतो, करंट असन तर तूच खरी. पण लावल्याशिवाय कळणार नव्हतं अन् मी लावू देणार नव्हते. सिस्टर मधे पडली. भाभीचं मन नसन तर राहू द्या, म्हणाली. मग तिनं मेणबत्ती लावली, सगळ्यांना अरसे वाटले. लोक खाऊन निघून गेले. माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

तो जेवला नाही. रात्रभर कूस बदलत होता अन् मी कमरेतला कटाऊट चाचपत होते. मलाच वाटायला लागलं, म्हैस खरंच भेली असन तर? एकोणीस वर्षं जिनं गावाची बाळंतपणं केली तिच्या शेवटच्या सणात मी माती कालवली. तिचा आवाज अर्ध्यावर तोडला. मी रडले, अन् त्याला ऐकू जाऊ नये म्हणून उशी दाबून धरली.

सकाळी जीप आली. बुढ्यानं माझ्याकडं न पाहता सिस्टरची पेटी उचलली. सिस्टर माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, सिस्टर, मले माफ करा, तुमचं गाणं मी बंद केलं.

ती हसली. डोळे पुसत म्हणाली, "भाभी, जेवढं ऐकलं तेवढं पुरलं मले. गाणं लागलं अन् पायाले अशा मुंग्या येऊन राहिल्या होत्या, गुडघ्यापर्यंत. मले वाटलं, घर सोडाचं म्हणून होऊन राहिलं."

पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. बुढा तिच्याकडं पाहत होता. त्यानं विचारलं, कोठं उभ्या होत्या तुमी? तिनं बोट दाखवलं. दाखवायची गरज नव्हती. चिखल रातभरात आवळला होता अन् त्यात तिच्या दोन पावलांचे ठसे होते, पाची बोटं मोजता यावीत असे. तिथून गज दोन हातांवर.

त्यानं तिला काही सांगितलं नाही. मीही नाही. तिनं हे घर आठवायचं ते चांगलंच आठवावं. त्यानं पेटी जीपमध्ये चढवली, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पायाला हात लावला, अन् ती भैया, भैया, हे काय, म्हणत असतानाच जीप निघाली.

जीप वळणाआड गेल्यावर तो कोपऱ्यात गेला. गज दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला अन् पाट पायानं बुजवला. पावलांच्या ठशांवर मात्र त्यानं माती टाकली नाही. मी कमरेचा कटाऊट काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला, उलटासुलटा केला, परत माझ्या हातात दिला.

"तुयाजवळच राहू दे," म्हणाला.

त्या संध्याकाळी आमच्या घरी लाईट लागली नाही. मी कंदील पुसून पेटवला अन् त्याला जेवायला हाक मारायला बाहेर गेले. तो गोठ्यात उकिडवा बसला होता अन् म्हशीच्या पायावरून हात फिरवत होता.