गौरीपुढच्या चुगल्या

गौरी जवळ आल्या की आमच्या घरातली माणसं सुतासारखी सरळ व्हायची. भक्तीनं नव्हे, भीतीनं. वर्षभरात कुणी काय गाढवपणा केला तो आज्जी चिंध्यांच्या बाहुल्या करून गौरीपुढच्या आरासीत मांडायची, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तो वाकून वाकून बघायच्या. लोकांच्या आरासीत किल्ले असत, देवळं असत. आमच्या आरासीत आम्ही असू.

आज्जी गेली. गेल्या वर्षी सुतक होतं, सण झाला नाही. यंदा बाहुल्यांची पेटी माळ्यावरून मी काढली, तर सगळ्यात आधी चुलते येऊन उभे राहिले. "ट्रॅक्टर मांडू नगंस," एवढंच म्हणाले आणि गेले.

ट्रॅक्टरची गोष्ट अशी. चुलते फौजेतून सुभेदार होऊन घरी आले आणि पहिल्याच महिन्यात नवा ट्रॅक्टर मागं घेताना उकिरड्यात घुसले. त्या वर्षी आरासीत काडेपेट्यांचा ट्रॅक्टर होता, खऱ्या शेणाचा उकिरडा होता आणि त्यातून वर आलेलं एक डोकं होतं. मिशा दात घासायच्या जुन्या ब्रशच्या केसांच्या, पण हुबेहूब. चुलते गौरीपुढे हात जोडून उभे, आणि मागे बायका तोंडाला पदर लावून.

"आई, मी सरहद्दीवर हुतो, त्ये कवा मांडलं न्हाईस," ते म्हणाले.

"त्ये मी कुठं बघितलंय?" आज्जी म्हणाली.

तिचं तत्त्व सोपं होतं. गौर म्हणजे माहेराला आलेली लेक. लेक आली की तिला घरातलं सगळं सांगायला नको? आणि तिच्यापुढं खोटं मांडायचं नाही. खऱ्यातलं कुठलं खरं निवडायचं, हे मात्र आज्जी ठरवणार. वडील एकदा तिला तिच्या बहिणीकडून गाडीतून परत आणत होते. लोणंदला चहाला थांबले आणि तिला हॉटेलातच विसरून निघाले. वाठार येईपर्यंत ते मागच्या सीटशी ऊसतोडीबद्दल बोलत होते. उत्तर येईना, तेव्हा तिला झोप लागली असेल म्हणून आणखी हळू बोलू लागले. आरासीत पुठ्ठ्याची गाडी, मागची सीट रिकामी, आणि लांब कोपऱ्यात एक म्हातारी निवांत भजी खात बसलेली.

"भजी कुठली? मी परत आलो तवा तू हॉटेलवाल्याशी भांडत हुतीस," वडिलांनी हरकत घेतली.

"भांडून झाल्यावर त्यानंच दिली," आज्जी म्हणाली.

असल्या बाईच्या तावडीत मी चार वर्षांपूर्वी सापडले. वैशाखात दोन बॅगा घेऊन मी पुण्याहून, नवऱ्याच्या घरातून, कायमची निघून आले. कारणं आज्जीला एकदाच सांगितली. तिनं शेंगा फोडता फोडता ती ऐकली आणि म्हणाली, "बरं केलंस. जेव आता."

आईला मात्र गावाची धास्ती. मी घरून काम करते, असं कुणी विचारायच्या आधीच तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. बाहेर चपलांचा आवाज आला की ती मला दाराजवळच्या सोप्यात लॅपटॉप उघडून बसवायची. नोकरी मी येतानाच सोडली होती. त्या चार महिन्यांत मी लॅपटॉपवरच्या पत्त्यांच्या खेळात इतकी तरबेज झाले की त्याची पदवी असती तर मिळाली असती.

भाद्रपद लागला तशी आईची झोप उडाली. "आवं आत्याबाई, यंदा पोरीला तेवढं मांडू नका. लोक काय म्हणत्याल?" तिनं हात जोडले. मीही मागून रडकुंडीला येऊन तेच म्हणाले.

"तुला कशाला मांडू?" आज्जी सुईत दोरा ओवत म्हणाली. "तू काय उकिरड्यात घुसलीयास व्हय?"

गौरीपूजनाच्या दिवशी आरासीवरची चादर निघाली. पुठ्ठ्याचं घर, त्यावर उसाच्या पाचटाचं छप्पर. अंगणात चुलते म्हशीला परेड शिकवत होते. वडील डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधत होते. मी आरासीतल्या विहिरीत बघितलं, गोठ्यामागं बघितलं, रस्त्यावर बघितलं. मी कुठंच नव्हते. हायसं वाटलं. आणि मग, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मी चार महिने या घरात जेवत होते, झोपत होते, आणि गौरीला सांगण्याइतकीही मी या घरातली नव्हते.

संध्याकाळी सोपा बायकांनी भरला. शेजारच्या काकूंच्या नाकाला गावातला प्रत्येक वास आधी लागतो. त्या आरासीपुढं बसल्या आणि बारकाईनं सगळं बघून म्हणाल्या, "म्हातारे, थोरली नात चार म्हयनं घरात हाय न्हवं? ती कुठं दिसत न्हाई."

आई कुंकवाचा करंडा हातात धरून जागच्या जागी थांबली. मी लॅपटॉप शोधायला लागले.

"हाय की. आत हाय," आज्जी म्हणाली, आणि तिनं घराचं छप्पर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

आत एक गुबगुबीत बाहुली मांडी घालून बसली होती. पुढं चांदीच्या कागदाचा लॅपटॉप होता, आणि त्याचा पाट करून त्यावर ताट ठेवून ती जेवत होती. मागं माळ्यावर माझ्याच जुन्या ओढणीच्या दोन बॅगा होत्या. रिकाम्या, घडी घालून ठेवलेल्या.

आज्जीनं बायकांकडं बघितलं नाही. ती गौरीकडं वळली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "नवऱ्याचं घर सोडून आलीया. तिथं तिला सुख न्हवतं. बॅगा रिकाम्या केल्यात. आता हितंच ऱ्हाणार हाय."

माझे कान तापले होते. काकू आणखी पुढं वाकल्या, त्यांनी बाहुली नीट निरखली.

"पर लय जाड केलीस की गं हिला."

"वैशाखापासनं बसून खातीया," आज्जी म्हणाली.

आधी काकू हसल्या, मग बाकीच्या, मग मी. आई हसली नाही, पण तिनं लॅपटॉप उचलून आत नेऊन ठेवला, आणि त्यानंतर तो सोप्यात कधी मांडला नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी निघाल्या. जाणाऱ्या गौरीबरोबर दहीभाताची शिदोरी द्यायची असते. आमच्या घरी त्याच दिवशी सासरी परतणाऱ्या नातींनाही आज्जी फडक्यात बांधून शिदोरी द्यायची. सहा वर्षं मीही ती घेऊन एसटीत बसत होते. स्वारगेट येईपर्यंत दही आंबायचं आणि मी तेच आंबट खायचे, कारण टाकवत नसे.

त्या दिवशी आज्जीनं एक शिदोरी गौरीला बांधली, एक माझ्या धाकट्या बहिणीला. सवयीनं माझाही हात पुढं गेला. तिनं त्यावर एक हलकी चापट मारली.

"ती जाणारीला असती," ती म्हणाली. "तू ताट घे."