मुबारकच्या सीडीसाठी

अझहरने सुट्टी टाकली तेव्हा खांदा कॉलनीतले शेजारी म्हणाले, पुतणीच्या लग्नाची धावपळ असेल. धावपळ कसली! स्वारी दार लावून कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसलेली.

सायमाने निकाहाआधी चाचाकडे एकच मागितलं होतं: अब्बांचा आवाज. मुबारक, अझहरचा थोरला भाऊ, कुवेतला होता. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा त्याने तिच्यासाठी दुआ बोलून सीडीवर भरून पाठवली, आणि तिचं तोंड बघायच्या आत तिकडेच अपघातात गेला. सायमा तान्ही होती तेव्हा ती सीडी घरात वाजायची. मग प्लेअर बिघडला आणि सीडी सायमाच्या अम्मीच्या, म्हणजे शहाबानो भाभींच्या, कपाटात गेली ती गेलीच. आता पनवेलातल्या दुकानदारांनी ती बघून हात वर केले होते.

पण मुबारकने ज्या ड्राइव्हवर ती लिहिली, तो ड्राइव्ह, त्याला कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या जुन्या कार्डासकट, त्याच्या सामानातून घरी आला होता. ज्याने लिहिलं तो कधीकधी वाचतोही, एवढीच अझहरची आशा. घोडं अडलं ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हर म्हणजे कळंबोलीचा ट्रकवाला नव्हे हो, कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात निरोप पोचवणारा प्रोग्राम. त्याला फक्त हार्ड डिस्कची भाषा यायची. सीडी ड्राइव्ह पडला नवाबजादा! त्याला प्रत्येक हुकूम पाकिटात घालून द्यावा लागतो, नाहीतर ढिम्म हलत नाही. ही पाकिटं कशी करायची ते अझहर आपल्या ड्रायव्हरला शिकवत होता. बिघडलं की पुन्हा लिहायचं. मुबारकची सीडी मात्र त्याने मागितली नाही. कच्च्या प्रोग्रामच्या हाती भावाला कसं द्यायचं?

एका दुपारी कव्वालीची सीडी खणखणीत वाजली. मग दुसरी, तिसरी.

"भाभी, आणा!" तो ओरडला.

शहाबानो भाभी ओढणी सावरत आल्या. सीडी आत गेली, गरगरली, थांबली. उत्तर अगदी स्पष्ट आलं: हुकूम समजला, पण चकती वाचता येत नाही. अझहरने ती बाहेर काढली. अत्तराचा वास आला. ज्यात आवाज भरलेला असतो तो वरचा चंदेरी थर सुटला होता, बोट लावलं तर बोटाला चिकटून आला.

"भाभी, हिला काही लावता का?"

"दर जुम्म्याला कापसाने पुसते ना. त्यांचंच अत्तर. दुसरं काय राहिलंय माझ्याकडे त्यांचं? का रे?"

या अल्लाह! जिवापाड जपता जपता बाईने नवऱ्याचा आवाज आपल्याच हाताने पुसून टाकला होता. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"माझ्या प्रोग्रामने सीडी खराब केली, भाभी."

"इतकी वर्षं मी सांभाळली," भाभी म्हणाल्या, "आणि तू एका दुपारीत घालवलीस?"

"हो."

निकाहाच्या दिवशी निघताना सायमा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. अझहरने हात पुढे केला. ती तोंड फिरवून गाडीत जाऊन बसली.