घारबाईंची मुदत

घारबाई ज्यांच्याशी भांडत त्यांच्या घरचा चहा घेत नसत. आमच्या घरी त्या वर्षातून निदान दोनदा तरी येत. त्या सगळ्या वर्षांत आमच्या चुलीवरच्या चहाचा घोटही त्यांनी घेतला नाही, शेवटची एक खेप सोडून. कोकणात दारी आलेल्या माणसाने चहा नाकारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. माझी आई दरवेळी कप भरून पडवीत आणून ठेवायची. त्या दरवेळी म्हणायच्या, "मावशी, भांडण मिटलं की घेईन." मग आई तो चहा त्यांच्यादेखत अंगणातल्या कर्दळीत ओतायची. ती कर्दळ मोठी जोमदार झाली होती.

बाई रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या कराडकडच्या, म्हणजे आमच्या वाडीच्या हिशेबाने घाटी. उंच, हाडापेराने मोठ्या, आवाज खणखणीत. हातात कायम पुरुषी काळी छत्री, खांद्याला खाकी पिशवी. घारबाई हे नाव आमच्या वाडीने ठेवलं आणि ते त्यांना ठाऊक होतं. नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पक्ष्याबद्दल होती. "घार नव्हे, समुद्रगरुड," एवढंच त्या दुरुस्त करायच्या. त्यावर देवळातला धोंडू गुरव म्हणायचा, "गरुड इष्णूकडं. ही आमची घार."

एकदा मीच त्यांना सुचवलं होतं की, हे विष्णूचं वाहन आहे एवढं सांगत चला, लोक आपोआप हात जोडतील. बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही मोजणी खात्यात आहात. कुणाचं तरी समाधान व्हावं म्हणून जमीन वाढवून मोजता का?" मी नाही म्हटलं. "मग मलाही सांगू नका." त्या मला भाऊसाहेब म्हणत त्यात आदर किती आणि टोचणी किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

भांडणाचं कारण आमच्या परसातला रायवळ आंबा. माझ्या आजोबांच्याही आधीचा. त्याला फळ जवळजवळ येईनासं झालं होतं. बुंध्याचा घेर मी टेप लावून मोजला होता, चौदा फूट. माडीवर माळा घालायचा होता आणि त्याच्या सगळ्या फळ्या या एका झाडातून निघत होत्या. खाडीच्या तोंडाशी आमची वाडी, तिथलं सर्वांत उंच झाड हेच. म्हणून समुद्रगरुडांच्या जोडीने शेंड्याजवळच्या बेचक्यात घरटं बांधलं. काटक्यांचा नुसता ढीग, बैलगाडीच्या चाकाएवढा. दरवर्षी ती जोडी त्यात भर घालायची.

घरट्याची मला अडचण नव्हती. अडचण खालच्या विहिरीची होती. हे पक्षी समुद्रातले साप धरून आणतात आणि पिल्लाला भरवतात. उरलेलं खाली पडतं. सापाचे कणे, माशांची डोकी, कधी अर्धाअधिक साप. काही कौलांवर, काही वाळत घातलेल्या आमसुलांवर आणि काही थेट विहिरीत. वाडीतल्या आणखी पाच घरांचं पाणी याच विहिरीवर. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी मचूळ होतात, ही गोडी राहते. पोहऱ्यात पहिल्यांदा सापाचा कणा आला त्या दिवशी आई जेवली नाही. वाडीत झाड पाडायचं ठरायला वेळ लागला नाही. सावर्ड्याच्या लाकूडवाल्याला मी निरोप धाडला. तो करवतवाले घेऊन आला आणि त्याच एसटीने बाईही आल्या. त्यांना कुणी कळवलं ते अजून मला ठाऊक नाही.

त्यांची सुरुवातच वाईट झाली. आई म्हणाली, "बाय, तुजा पक्षी माज्या इहिरीत साप टाकतो. आमी पियाचा काय?"

"मेलेल्या सापाचं विष हाडात नसतं, मावशी. पाणी उकळून प्या."

"तू पी."

बाईंनी पोहरा ओढला आणि ओंजळीने तिथेच पाणी प्यायल्या. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या. बाईंना वाटलं, आपण मुद्दा सिद्ध केला. प्रत्यक्षात त्या दिवसापासून वाडीतली एकही बाई त्यांच्या जवळ उभी राहीना.

आमच्याकडे मोठ्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. बुंध्याशी नारळ ठेवायचा, कुऱ्हाड खोडाला टेकवून उभी करायची आणि झाडावर जो कुणी राहत असेल त्याला दुसरीकडे जायची विनंती करायची. ते काम धोंडू गुरवाचं. तो हात जोडून उभा राहिला, मागे सगळी वाडी. तो म्हणू लागला, "हे बारा वाडीच्या राखणदारा म्हाराजा, ह्या झाडावर जो कोन ऱ्हातो, किडामुंगी, पाखरू, डोळ्यांस दिसणारा, न दिसणारा, त्येनं आता दुसरा ठाव बगावा. त्येच्या मुलाबालांस तरास नको, आमच्या मुलाबालांस तरास नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मुलाबाळांना त्रास नको म्हणालात ना? वर पिल्लू आहे. त्याला अजून उडता येत नाही. ते दुसरा ठाव कसा बघणार?"

गाऱ्हाण्यात मध्ये बोलणारं माणूस आम्ही पाहिलं नव्हतं. दोघेतिघे अंगावर धावून आले. एक म्हणाला, "घाटावर तुमच्या देवासमोर असाच बोलतात काय?" लाकूडवाल्याने करवत जमिनीवर आपटली. बाई हलल्या नाहीत. छत्री टेकून धोंडूकडे बघत राहिल्या, कारण उत्तर त्याने द्यायचं होतं.

धोंडू गुरव तापट होता, पण शब्दाचा पक्का. राखणदारासमोर जे बोलून झालं ते त्याला मागे घेता येईना. त्याने वर घरट्याकडे बघितलं. मग पुन्हा हात जोडून म्हणाला, "पिलू उडून जायीसवर कुराड लागायची नाय म्हाराजा. ह्या बायनं हितं येऊन सांगायचा, पिलू उडाला, मुदत संपली. मंगच कुराड."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. सवयीने माझ्याही तोंडून ते निघालं.

शिमगा झाल्यावर बाई आल्या. पडवीतच उभ्या राहून म्हणाल्या, "पिल्लू उडालं. मुदत संपली. तोडा."

लाकूडवाला तेव्हा दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून पहिलं वर्ष गेलं. पावसाळ्यानंतर जोडी परत आली, घरट्यात काटक्या पडू लागल्या आणि छत्री पुन्हा दारात. "मुदत लागू," असं म्हणून त्या गेल्या. पुढच्या शिमग्यानंतर पुन्हा, "मुदत संपली. तोडा." या वेळी लाकूडवाला मोकळा होता. पण बाईंचं ते हुकूम सोडल्यासारखं बोलणं माझ्या डोक्यात गेलं.

"माझं झाड मी कधी तोडायचं ते तुम्ही सांगणार? मी तुमचा गडी नाही."

"मग नका तोडू," त्या म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

दरवर्षी हेच. त्या तोडा म्हणायच्या आणि मला तोडवायचं नाही. आई एकदा म्हणाली, "ती तुला बरोबर वळखून हाय." मी तिला म्हटलं, या वर्षी कौलं किती फुटली ते बघ आणि मग बोल. एकतीस फुटली होती.

विहिरीसाठी त्यांनी बंदरावरून खारव्यांचं टाकाऊ जाळं आणलं. स्वतः गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ते विहिरीवर ताणलं. जाळीचे डोळे मोठे निघाले आणि कणे पडायचे ते पडतच राहिले. मी ते दाखवून दिलं. आठवड्याने बारीक डोळ्यांचं जाळं आलं. माफी वगैरे मागितली नाही, फक्त "हे घ्या, मोजून बघा" म्हणाल्या. जाळ्यात अडकलेले कणे त्या पिशवीत भरून न्यायच्या. एसटीत त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची.

वाडीतल्या पोरांनी त्यांच्या पिशवीत एकदा मेलेला समुद्री साप घातला. त्या रत्नागिरीला उतरून घरी पोचल्या तेव्हा त्यांना तो सापडला. पुढच्या खेपेला देवळासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, कुणी घातला. मग त्याच म्हणाल्या, "आणखी मिळाले तर घाला. फक्त डोकं ठेचू नका, डोकं ठेचलं की ओळखता येत नाही." पोरांनी पुन्हा साप घातला नाही.

त्यांच्या बोलण्यात पक्ष्यांबद्दल गोडवा मी कधी ऐकला नाही. सड्यावर, खाडीकाठी, जिथे जिथे घरटं असेल त्या गावात जाऊन त्या एकच वाक्य बोलायच्या. "पक्ष्यावर माया करा असं मी सांगत नाही. शिव्या घाला, पण मुदत द्या." बरोबर धोंडू गुरव असायचा, कारण गाऱ्हाणं त्याच्याशिवाय होत नसे. दोघं एसटीत भांडत जायची आणि भांडत यायची. धोंडू मला म्हणायचा, "भाऊ, ही बाय देव मानीत नाय आनी देवाला कामाला लावते." पण गेला नाही असं एकदाही झालं नाही. बऱ्याच गावांनी त्यांना हाकललं. काहींनी मुदत मान्य केली आणि पाळली.

खाडीपलीकडच्या एका गावाने मान्य केली आणि पाळली नाही. झाड पडलं ते घरट्यासकट. बाई त्या दिवशी दुपारी आमच्याकडे आल्या तेव्हा मुदतीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं मेलेलं पिल्लू काढून पडवीत ठेवलं. तपकिरी, माझ्या हाताएवढं लांब. "भाऊसाहेब, तुमचा टेप आणा. मोजणी तुमच्या हातची हवी."

मी पंख पसरले. एक टोक आईने धरलं, विटाळाचं नाव न काढता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फुटांना तीन इंच कमी भरलं. मी आकडा सांगितला. बाईंनी मला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेवढंच.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "जास्तीत जास्त. एवढंच मागितलं होतं मी." मग त्यांनी पिल्लू गुंडाळलं आणि उठल्या. आईने आणलेला चहा त्या दिवशी तिने कर्दळीत ओतला नाही. तो पडवीतच निवून गेला.

त्यांची शेवटची खेप तशी नेहमीसारखीच होती. शिमगा होऊन गेला होता. त्या पडवीत आल्या, छत्री खुंटीला अडकवली आणि बाकावर बसल्या. आमच्या घरी त्या बसलेल्या मी प्रथमच पाहत होतो. अंगाने निम्म्या झाल्या होत्या.

"मावशी, चहा टाका," त्या म्हणाल्या.

आईने माझ्याकडे बघितलं. मीही गोंधळलो. म्हटलं, "भांडण मिटलं वाटतं."

"मिटलं नाही. तुमच्या विहिरीचं मला अजून पटलेलं नाही. पण चहा घेते."

त्यांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. आवडला की नाही ते सांगितलं नाही. आंब्याकडे बराच वेळ बघितलं. पिल्लू चार दिवसांपूर्वी उडालं होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. मी वाट बघत होतो की आता त्या म्हणतील, मुदत संपली, तोडा. उत्तरही तयार ठेवलं होतं. त्या छत्री घेऊन निघून गेल्या आणि ते वाक्य बोलल्याच नाहीत. त्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्यावर आई कप विसळता विसळता म्हणाली, "ही काय परत येत नाय."

कॉलेजातल्या त्यांच्या एका सहकाऱ्याने मला एसटी स्टँडवर सांगितलं की, बाई कराडला माहेरी गेल्या आणि पावसाळ्यातच वारल्या. दुखणं जुनं होतं म्हणे. मी घरी येऊन आईला सांगितलं. धोंडू गुरवाला सांगितलं. तो देवळाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मंग आता भांडायचा कोनाशी?"

जोडी त्या वर्षीही आली. साप पडले, कौलं फुटली, वाडीने नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या. शिमग्यानंतर पिल्लू उडालं. त्याच आठवड्यात सावर्ड्याचा लाकूडवाला फटफटीवरून आला. बाई गेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. झाडाभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "भाऊ, आता कोणाची आडकाठी नाय. परवा माणसं आणू?"

मी त्याला गाऱ्हाण्याच्या शब्दांची आठवण करून दिली. बाईने इथे येऊन सांगायचं, पिल्लू उडालं, मुदत संपली. मगच कुऱ्हाड. तोही त्या दिवशी तिथेच उभा होता आणि सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हणाला होता.

"पण त्या तर वारल्या."

"हो. म्हणून सांगायला आल्या नाहीत," मी म्हटलं. "मुदत चालू आहे."

 तो फटफटीला लाथ मारून गेला. माळ्याला मी शेवटी बाहेरून फळ्या आणल्या. विहिरीवरचं जाळं दर दिवाळीला बदलतो, बारीक डोळ्यांचं.